बाळगोळी

आमच्याकडे बाईमाणूस आजारी पडलं की तिला काय झालंय ते तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. त्या फाल्गुनात माझ्या डाव्या थानाला गाठ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, शेजारीण म्हणाली वारा लागला, आणि देवळातल्या गुरवानं मला न बघताच सांगितलं की वाटेवरचं काहीतरी आडवं आलंय. मला विचारलं असतं तर दुखतंय एवढं तरी मी सांगितलं असतं. पण मला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

विठू तेव्हा जेमतेम मान धरायला लागला होता. माझं पहिलंच पोर. आमची वाडी लांज्यापासून आत, डोंगराच्या पोटाशी. घरात आम्ही तिघी बायका. सासूबाई गोदूबाई, थोरली जाऊ मथुरा, जिला मी आक्का म्हणायची, आणि मी. घरचे पुरुष मुंबईला गिरणीत. आक्कासुद्धा बरीच वर्षं तिकडेच होती, गिरणीत रिळं भरायच्या कामाला. पण कापसाच्या धुळीनं तिला दमा जडला आणि नवऱ्यानं तिला गावी आणून सोडलं. तिचा मुलगा बापाजवळ राहिला. एक मुलगीही झाली होती, गंगी. ती तिकडे चाळीतच, रांगायच्या आधी गेली. कशानं गेली ते आक्का सांगत नसे. पोर कसं शहाणं होतं, कधी म्हणून रडत नव्हतं, एवढंच सांगायची.

फाल्गुनात आमच्याकडे राबाची घाई असते. पावसाआधी भाताच्या रोपाची जागा भाजून घ्यायची, त्यासाठी डोंगरातून झाडांचा टाहाळ तोडून भारेच्या भारे खाली आणायचे. सासूबाई आणि मी उजाडता निघायचो, ते दुपार कलल्यावर घर दिसायचं. आक्काला भारा उचलवत नसे, म्हणून ती विठूला घेऊन घरी राहायची. पण रडतं पोर खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या तरी तिला धाप लागायची, ओठ काळेनिळे पडायचे. म्हणून मग बाळगोळी.

बाळगोळी म्हणजे अफूची बारीकशी गोळी. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बाया ती सकाळी पोराला मधातून चाटवायच्या आणि शेजारणीच्या ओट्यावर त्याला टाकून कामाला जायच्या. संध्याकाळपर्यंत पोर हूं की चूं करीत नसे. आक्कानं आपली दोन्ही पोरं तिच्यावरच वाढवली होती. गावी येताना ती पत्र्याची डबी घेऊन आली, आणि डबी संपत आली की मुंबईहून दुसरी यायची. ह्यात लपवाछपवी काही नव्हती. सासूबाई स्वतः मधाची बाटली काढून द्यायच्या. रोज माझ्या डोळ्यांदेखत आक्का ते बोट विठूच्या तोंडात घालायची, आणि सगळी वाडी म्हणायची, चिमाचं पोर काय गुणाचं आहे.

मी डोंगरातून यायची ती चोळी भिजवून. डोक्यावर भारा, पदर छातीवरून ओढून कमरेला करकचून खोचलेला, आणि आत दूध दाटलेलं. घरी येऊन हात-पाय धुवायचे आणि विठूला पदराखाली घ्यायचं, तर तो झोपेतच. दोन घोट ओढायचा, ओठ सैल पडायचे, दूध गालावरून ओघळायचं आणि पुन्हा डोळे मिटलेले. मला वाटायचं पोट भरलं असेल. नवी आई म्हणजे अर्धी आंधळीच असते, आणि उरलेल्या अर्ध्या नजरेनं ती सासूकडे बघत असते.

एक दिवस डाव्या थानात गाठ लागली. दुसऱ्या दिवशी कातडी लाल होऊन तापली आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. घोंगडीखाली माझे दात वाजत होते. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. निर्गुडीचा पाला शेकून बांधला, त्यानं घटकाभर बरं वाटलं, ते मी नाकबूल करणार नाही. मग त्यांनी पितळेच्या वाटीत पाणी घेतलं.

"पीळ बगू हेच्यात."

ही आमच्याकडची परीक्षा. दुधाचा थेंब पाण्यात विरघळला तर दूध चांगलं. तार धरून तळाला गेला तर नासलं. उजवीकडचा थेंब विरघळला. डावीकडचा पिवळसर, चिकट, तसाच तळाला जाऊन बसला.

"नासलं," सासूबाई म्हणाल्या. "हिकडचं पाजायचं न्हाय. पोरगं त्वांड लावीत न्हाय ता उगाच काय? तान्ह्या पोरास्नी कळतं."

खालच्या वाडीतल्या आनंदीबाईचं असंच झालं होतं. तिचं थान पिकलं, डोलीत घालून तिला रत्नागिरीला नेली, तिथं चिरा देऊन पू काढला. ती वाचली. पण तोवर घरी तिचं दूध आटवून टाकलं होतं. पोराला पेजेवर आणि शेळीच्या दुधावर ठेवलं, त्याला हगवण लागली आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते गेलं. वाडीत अंगावरचं दूध तुटलेलं तान्हं पोर जगलेलं मी बघितलं नव्हतं. चिऱ्याला मी भीत नव्हते असं नाही, पण माझा जीव घाबरा व्हायचा तो विठूच्या वाटीतल्या पेजेच्या विचारानं.

त्याच सुमारास आक्काची डबी संपली. शिमगा आठवड्यावर आला होता, माझे मालक शिमग्याला मुंबईहून यायचे होते, तेच नवी डबी आणणार होते. तोवर पोराला गोळी नाही. मी तापात पडलेली, त्यामुळे घरीच. आणि आमचं गुणाचं पोर एकाएकी असं रडायला लागलं की पलीकडच्या वाडीतून बाया चौकशीला आल्या. हातपाय झाडायचं, नाक वाहायचं, अंग कडक करायचं. उजवं थान ओढून रिकामं करायचं आणि पुन्हा किंचाळायचं. सासूबाई राबावर गेलेल्या. आक्का त्याला घेऊन फिरून फिरून धापा टाकीत उंबऱ्यात बसली होती. मला ते रडणं सोसवेना. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला डावीकडे लावलं.

काय दुखलं ते मी सांगू शकत नाही. तोंडात पदराचा बोळा कोंबला होता, तरी आवाज फुटला. पण विठू सोडीना. भुकेनं पिसाळल्यासारखा ओढत राहिला. थोड्या वेळानं आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दूध घळाघळा वाहायला लागलं. आक्कानं बघितलं. सासूबाईंना ती काही बोलली नाही. मी दिवसभर तेच करीत राहिले, आणि दोन दिवसांत गाठ विरली, ताप उतरला. विठूला काहीएक झालं नाही.

श्रेय गुरवानं दिलेल्या अंगाऱ्याला मिळालं. सासूबाईंनी त्याला नारळ नेऊन दिला. मीही मनात हात जोडले, माझ्या अकलेची धावही तेव्हा तेवढीच होती.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मालक आले. बोटीनं रत्नागिरी बंदराला उतरून पुढे मोटारीनं लांज्यापर्यंत, आणि तिथून ट्रंक डोक्यावर घेऊन चालत. माझ्या मालकांचं नाव धाकू. माणूस साधा, हसरा, घरी आला की सगळ्यांना काही ना काही देऊन खूश करायची त्याला हौस. सासूबाईंना लुगडं, मला काचेच्या बांगड्या, आणि आक्काच्या हातात नवी डबी.

"वयनी, ह्या खेपंला चांगल्या दुकानातली आणलीय. जरा कडक हाय म्हणत व्हता."

आक्कानं त्याच दिवशी विठूला ती दिली. आठवडाभराच्या किंचाळण्यानं ती अर्धमेली झाली होती, तिला तरी काय बोलायचं? विठू शांत झोपला. घरातल्या सगळ्यांनी सुस्कारा सोडला, मी पण सोडला.

होम पेटला, पालखी दारात आली, आम्ही ओट्या भरल्या. पालखी नाचवून गेली तोवर माझं डावं थान पुन्हा भरून आलं होतं. ह्या वेळी गाठ आधीपेक्षा मोठी, काखेपर्यंत गेलेली. हात वर होईना. ताप असा चढला की बांगड्यांचा आवाज कुठून येतोय तेही मला समजेना. माझाच हात थरथरत होता. मालकांनी कपाळाला हात लावला आणि त्यांचा हसरा चेहरा उतरला.

"आये, हिला रत्नागिरीला न्यायला हवी."

"नेशील," सासूबाई म्हणाल्या. "पन आदी दूद आटवायला हवं. नासलेलं दूद आत ऱ्हायलं तर समदं थान सडल. आनंदीचं बगितलंय मी. सकाळच्याला मोगरा बांदू."

मोगऱ्याची ताजी फुलं उशाएवढी जाड थानावर बांधून ठेवली की दूध आटतं. आमच्याकडे ज्यांचं तान्हं जातं त्या बायकांना असा मोगरा बांधतात. माझं पोर जिवंत होतं, पाळण्यात झोपलं होतं, आणि माझ्या अंगावर तो मोगरा चढणार होता. मी म्हटलं, नको. कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, तापात बडबडतेय.

सासूबाई वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर मला भांडायला सोपं गेलं असतं. त्यांना माझा जीव वाचवायचा होता, आणि विठूसाठी त्यांनी शेळी बघून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मालक विठूला मांडीवर घेऊन माझ्या अंथरुणाजवळ बसले. चार दिवसांची रजा, पोराशी खेळायची त्यांना ओढ. त्यांनी चुटक्या वाजवल्या, तळपायाला गुदगुल्या केल्या, गालाला मिशा घासल्या. विठूनं डोळे किंचित उघडले. बुबुळातला काळा ठिपका तिळाच्या टोकाएवढा झालेला. त्यानं बापाकडे बघितलं की नाही कोण जाणे, पापण्या पुन्हा मिटल्या.

"मायला, गोळी झ्याक हाय," मालक हसून म्हणाले. "उटतच न्हाय."

मी म्हटलं, द्या इकडे. कुशीवर वळून मी त्याला दुखऱ्या बाजूला लावलं. त्याचं तोंड आपोआप उघडलं, जीभ एकदा हलली आणि बोंड त्याच्या ओठांतून सुटून पडलं. मी पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. गाल थोपटले, कान ओढले, पाण्याचं बोट डोळ्यांवरून फिरवलं. मी त्याला हलवत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. डबी रिकामी होती ते दिवस. तेव्हा हाच पोरगा, हेच थान, हेच दूध. तेव्हा तो सोडत नव्हता.

नासलेलं दूध त्याला कळत होतं म्हणून तो पीत नव्हता असं नाही. त्याला काहीच कळत नव्हतं. तो पीत नव्हता म्हणून दूध आत कोंडून गाठ होत होती, आणि त्याला पिऊ देत नव्हतो ते आम्हीच.

मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "कायतरीच. समदी गिरणगावची पोरं गोळीवर वाढतायत." आणि उठून बाहेर पालखीच्या मंडळींत जाऊन बसले. पुरुषांना बाहेर जायला नेहमीच कुठलीतरी पालखी सापडते.

मग उरली आक्का. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी भिंत धरून धरून तिथपर्यंत गेले आणि खाली बसले.

"आक्का, उद्या त्येला गोळी देऊ नका."

"का गो?"

मी जे कळलं ते सांगितलं. डबी संपली ते दिवस, पोराचं रडणं, गाठ विरली ते. ती भाकरी थापत होती ती थापतच राहिली. पातळ होऊन कडा फाटल्या तरी थापत होती.

"पोर पितच न्हाय हो, आक्का. भूक लागली तरी त्येला जाग येत न्हाय. ह्या नव्या गोळीनं तर हलवलं तरी उटत न्हाय. आसंच ऱ्हायलं तर माजं दूद बी जाईल आनि..."

आक्काचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तव्याकडेच बघत होती.

"गंगी बी शेवटाला पीत नव्हती," ती म्हणाली. "मी गिरनीतनं यायची, माजी चोळी भिजलेली आसायची. मी तिला उटवायची न्हाय. म्हनायची, निजू दे, दमलीय."

मला कळलं मी काय करून बसले ते. मी विठूसाठी बोलायला आले होते आणि तिच्या पोरीचं मरण उकरून तिच्या हातात दिलं होतं.

"म्हंजे मीच मारली काय गो तिला?" आक्कानं विचारलं. अगदी हळू, मीठ कुठं ठेवलंय विचारावं तसं.

नाही म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून कुणीही नाही म्हटलं असतं. पण मी नाही म्हटलं असतं तर गोळीचं काही वाईट नाही असं झालं असतं, आणि उद्या सकाळी तिचं बोट पुन्हा माझ्या पोराच्या तोंडात गेलं असतं. मी स्वार्थी झाले. आजही मला त्याची लाज वाटत नाही, फक्त वाईट वाटतं.

"मला ठावं न्हाय, आक्का," मी म्हटलं. "पन हेला देऊ नका."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि दुसरा गोळा घेतला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी अंथरुणावर येऊन पडले. झोप लागली नाही. आक्काच्या खोकल्याचा आवाज येत राहिला आणि मी मोजत राहिले की सकाळी विठूला माझ्या कुशीतून उचलायला ती आली तर माझ्या अंगात त्याला धरून ठेवायची ताकद आहे का.

उजाडलं. आक्का विठूला घ्यायला आली नाही. दिवस वर आला तशी गोळीची धुंदी उतरली आणि विठूनं एकदम टाहो फोडला. मी घाईघाईनं त्याला डावीकडे घेतलं, पण थान इतकं ताठलेलं की त्याच्या तोंडात ते मावेना. तो चिडून तोंड फिरवायला लागला. मी घामाघूम झाले. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांच्या ओटीत मोगऱ्याची फुलं भरलेली, हातात जुन्या लुगड्याची चिंधी. मालक मागं दाराशी उभे होते. लांज्याला जाऊन मोटार ठरवायच्या तयारीत.

"बगितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "त्वांड फिरवतंय पोरगं. आता तरी आयकशील? मथुरे, त्येला घे नि गोळी दे. काय हा आकांत."

आक्का कोपऱ्यात उभी होती. रात्रभरात तिचे डोळे आत गेले होते. तिनं विठूला माझ्याकडून घेतलं. माझा हात त्याच्या झबल्याला चिकटून राहिला, तिनं तो हलकेच सोडवला.

"गोळी न्हाय," ती म्हणाली. "डबी मी चुलीत घातली."

"काय घातलीस?"

"आत्याबाई, फुलं नगंत. दूद नासलेलं न्हाय. पोर गुंगीत पीत नव्हतं म्हनून गाठ झाली."

"तुला कुनी सांगितलं?"

आक्काला धाप लागली होती. एवढं बोलतानाच छाती वरखाली होत होती. विठू तिच्या खांद्यावर किंचाळत होता. ती माझ्याकडे बोट दाखवू शकली असती. सुनेच्या तापातल्या बडबडीला सासूबाईंनी एका शब्दात उडवून लावलं असतं, आणि ते तिला माहीत होतं.

"मला कोन सांगल?" ती म्हणाली. "माजी गंगी आशीच गेली. मी तिला गोळी देऊन निजवली, नि ती उटली न्हाय. तेवा कळलं न्हाय. आता कळलं."

मालक दाराची चौकट धरून उभे होते. ती डबी त्यांनी आणली होती, आणि चाळीतून गंगीला मसणात नेताना तिला हातावर घेऊन पुढे तेच चालले होते. त्यांनी खाली बघितलं. सासूबाईंच्या ओटीतून दोन-चार फुलं जमिनीवर पडली आणि त्यांनी ती उचलली नाहीत. गंगी त्यांचीही नात होती.

"पानी तापवा," आक्का म्हणाली. तिनं सासूबाईंना हुकूम केल्याचं मी तेवढं एकदाच ऐकलं.

सासूबाई पाणी तापवायला गेल्या. आक्कानं गरम फडका माझ्या थानावर धरला, काखेकडून पुढे हातानं दाबत दाबत थोडं दूध काढून टाकलं, तेव्हा बोंड मऊ झालं. मग तिनं विठूचं डोकं धरून त्याला लावलं. त्यानं पकडलं. मी ओरडले असेन, कारण मालक आत धावत आले आणि आक्कानं त्यांना हातानंच बाहेर घालवलं.

रत्नागिरीला जावं लागलं नाही. पण पुढचे बरेच दिवस विठू गोळीवाचून तळमळत राहिला, आणि आक्का त्याला घेऊन अंगणात फिरायची. दोन फेऱ्या झाल्या की भिंतीला टेकायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. मी म्हणायची, आक्का, टाका खाली, रडू दे. ती टाकत नसे. पोर रडायचं, आणि त्याच्या रडण्याखाली तिचंही चालू असायचं. ते घरात सगळ्यांना ऐकू येत होतं, पण तिला काही विचारायची आमच्यापैकी कुणाचीच छाती झाली नाही.